कोऱ्या चहाचा रंग

"मॅडम, पिना पण काढा. एक जरी राहिली तर ती मशीनकडे धावेल आणि केस सोबत घेऊन जाईल," मोईन म्हणाला.

मी अंबाड्यातून पिना उपसत होते आणि त्या संपतच नव्हत्या. बांगड्या, कानातले, मंगळसूत्र, घड्याळ, सगळं एकेक करून माईंच्या पदरात टाकत होते. माई म्हणजे आमच्या पिंपळखुटे सरांच्या बायको. एमआरआय सेंटरच्या बाहेरच्या खोलीत बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, शेजारी थर्मास.

"बाप्पा! एवढं लोखंड डोक्यात घेऊन फिरते तू? म्हणूनच डोकं जड असते तुझं," माई म्हणाल्या.

"डोकं तुमच्या नवऱ्यामुळे जड असते माई."

त्या हसल्या आणि त्यांना खोकला लागला. डायलिसिस सुरू झाल्यापासून हसलं की खोकला यायचा त्यांना. मी पाठीवरून हात फिरवला. हाताला नुसती हाडं लागली.

मे महिन्यातला रविवार होता. बाहेर नागपूर भाजून निघत होतं, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. सेंटर बंद होतं, पण मालक सरांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांनी किल्ली आणि मोईन, दोन्ही दिले होते. मोईन तिथला मशीन चालवणारा, गप्पिष्ट पोरगा. मला वाटत होतं, त्याला एवढंच सांगितलंय की नवं औषध आहे, कुंदा ढोबळे मॅडमचं स्कॅन आहे.

औषध कसलं, ते सांगते. आमची संस्था लहान, चौथ्या मजल्यावर चार खोल्या. तिथे सरांनी लोहाच्या ऑक्साइडचे कण बनवले होते, इतके बारीक की पाण्यात टाकले तर खाली बसत नाहीत. शिरेतून दिले की चांगलं यकृत ते गिळतं आणि एमआरआयच्या फोटोत काळं पडतं. गाठ असली तर ती गिळत नाही, पांढरी उरते. ते द्रावण दिसायचं थेट कोऱ्या चहासारखं. आम्ही त्याला चहाच म्हणायचो. सर चहा बनवायचे आणि तो विषारी आहे की नाही हे पाहायचं काम माझं. यकृताच्या जिवंत पेशी छोट्या छोट्या वाट्यांत वाढवायच्या, त्यांच्यावर चहा सोडायचा आणि किती जगल्या, किती मेल्या ते पाहायचं. माझ्या पेशी धडधाकट निघाल्या होत्या. मी पास म्हटलं होतं.

आणि आमच्याकडे सरांनीच घालून दिलेली एक रीत होती. जो पास करेल तो पहिला. मलम असो, थेंब असो, दुसऱ्याला लावण्याआधी पास करणाऱ्यानं स्वतःला लावून घ्यायचं. कुठल्या नियमात हे बसत नव्हतं, पण आम्हाला त्याचा भारी तोरा होता. दुसऱ्या संस्थेतली माणसं भेटली की आम्ही हे आवर्जून सांगायचो.

"कुंदा," सर आतून आले. उंच माणूस, त्या दिवशी वाकल्यासारखे दिसत होते. "तू राहू दे. मी झोपतो."

"का बरं?"

"लिफ्टमध्ये चढत नाहीस तू. चार मजले रोज पायी चढून येते. त्या नळीत कशी जाशील?"

खरं होतं ते. लहानपणी लपाछपीत अंथरुणाच्या कपाटात बसले होते, दार लागलं आणि कुणाला कळलंच नाही. तेव्हापासून बंद जागा म्हटली की माझ्या छातीत धस्स होतं. पण चेष्टा केली की मी पेटते, हेही खरं.

"जाईन! पाहाच तुम्ही. पास मी केलं ना? मग पहिली मीच."

"अगं पण..."

"सर, पुरे हं."

माई म्हणाल्या, "जाऊ द्या ना तिला. ऐकते का ती कोणाचं?"

मी हिरवा गाऊन घालून आले तर मोईन विचारत होता, "सर, मग काकूंचं चार वाजताच लावू ना?"

मी जागच्या जागी थांबले. "माईंचं? आज?"

सर खाली पाहायला लागले. माईंनी माझ्या पिना पदराच्या टोकात बांधायला घेतल्या.

"रुग्णाला द्यायचं तर कमिटीची परवानगी?"

"कमिटी पावसाळ्यात बसणार आहे," सर म्हणाले. "माईच्या यकृतावर डाग आहे. एकच असला तर कापून काढता येतो, जास्त असले तर डॉक्टर हात लावणार नाहीत. फोटोसाठीचं नेहमीचं औषध या किडनीवर देता येत नाही. सुई घालून पाहायचं तर रक्त थांबणार नाही म्हणतात. डाग कमिटीची वाट पाहील का, सांग मला तू."

"म्हणजे मला काही झालं नाही, तर चार वाजता माईंना?"

"हो."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू अजून घाबरली असती."

माई म्हणाल्या, "माझ्यासाठी नको जाऊ पोरी. तुझ्या मनानं जायचं तर जा." पण बोलताना त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून हलत नव्हते. माई जगायला केवढ्या आसुसल्या होत्या, ते मला त्या क्षणी कळलं. मी आत गेले.

आत थंडी मी म्हणत होती. मोईननं मला फळीवर झोपवलं, हातात सुई बसवली, तिला औषध सोडायची लांब नळी जोडली. पोटावर जड पाटी बांधली, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा कोंबल्या. दुसऱ्या हातात एक रबरी फुगा दिला.

"काही वाटलं तर हा दाबा. घंटी वाजेल, मी बाहेर काढेन. पण उगाच दाबू नका, नाही तर पहिल्यापासून करावं लागेल."

सर माझ्या उशाशी आले. "कुंदा, अजूनही सांगतो. उठ. मी झोपतो."

"सर, आता दुसऱ्यांदा म्हणून राहिले तुम्ही! विश्वास नाही का माझ्यावर?"

त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि ते काचेपलीकडच्या मशीन चालवायच्या खोलीत गेले. फळी सरकायला लागली.

काय सांगू तुम्हाला! नाकापासून चार बोटांवर छत. कोपर हलवावं तर भिंत. डोळे उघडले की पांढरं, मिटले की कपाट, अंथरुणांचा तो दमट वास सगळा परत नाकात. आणि मग मशीन सुरू झालं. पत्र्याच्या छपरावर कुणी हातोडे घालावेत तसं डोक्याभोवती ठाणठाण. मी मनातल्या मनात शिव्या देत होते. स्वतःला, सरांना, माझ्या जिभेला. फुग्यावरची बोटं घामेजली होती.

आवाज थांबला. स्पीकरमधून कानाशी सरांचा आवाज आला, "कुंदा, ठीक?"

"ठीक. टोचा आता."

आधी औषधाशिवाय साधा फोटो घ्यायचा, मग हातातल्या नळीतून चहा सोडायचा, मग परत फोटो, असं ठरलं होतं. साधा झाला होता. पण सर मोईनला म्हणाले, "आणखी एकदा साधाच घे."

"सर, चांगला आलाय की," मोईन म्हणाला.

"घे म्हणतो ना."

पुन्हा ठाणठाण. पुन्हा शांतता. मी वाट पाहत होते की हातातून थंड काही चढेल. काहीच नाही.

"मोईन, अजून एकदा."

"अहो सर, काय करून राहिले तुम्ही?" मी आतून ओरडले. "टोचा ना एकदाचं! मी इथे मरून राहिली!"

उत्तरादाखल हातोडेच आले. मी डोळे घट्ट मिटले आणि काहीतरी चांगलं आठवायचं ठरवलं. मघाशी माईंनी सरांसाठी थर्मासमधून काचेच्या पेल्यात चहा ओतला होता, ते आठवलं. दूध त्यांना चालत नाही, म्हणून घरात सगळ्यांनाच कोरा. पेला त्यांनी खिडकीसमोर धरला होता. "पाहा, दोनदा गाळला, तरी पलीकडचे गज दिसत नाहीत. तुझ्या सरांना असाच कडक लागते."

पलीकडचे गज दिसत नाहीत.

पेशी जिवंत आहेत की नाहीत हे आम्ही मोजायचो रंगावर. एक पिवळं रसायन घालायचं. जिवंत पेशी त्याला जांभळं करतात. मग एक यंत्र प्रत्येक वाटीतून उजेड सोडतं. उजेड जितका अडला तितका रंग, आणि जितका रंग तितक्या पेशी जिवंत. ही पद्धत सरांनी फार वर्षांपूर्वी बसवली होती, पाण्यासारख्या नितळ औषधांसाठी. आम्ही सगळे तशीच वापरत आलो. चहा काही नितळ नव्हता. पेशींनी तो गिळला की कितीही धुवा, थोडा आत राहायचाच. उजेड तो स्वतःच अडवत होता. वाटीतल्या सगळ्या पेशी मेल्या असत्या तरी यंत्र म्हणालं असतं, उत्तम, जिवंत आहेत. नुसता चहा घातलेली, एकही पेशी नसलेली वाटी लावली असती तर कळलं असतं. ती वाटी आमच्या मांडणीत कधी नव्हतीच.

माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. थंडीत.

फुगा दाबायचा होता, बास. पण माझं बोट हलेना. दाबला तर काय होणार? कुंदा घाबरली. सगळे म्हणणार, लिफ्टमध्ये न चढणारी बाई, तिला नळीत काहीतरी सुचलं. सर म्हणणार, बरं, मी झोपतो, आणि झोपणार. साठी उलटलेला माणूस. आणि त्यांनी ऐकलं समजा, तर? तर बाहेर बाकावर माझ्या पिना पदरात बांधून बसलेल्या माईंना चार वाजता घरी जावं लागणार. नाही दाबला आणि मला काहीच झालं नाही, तर मग पुढच्या माईच. मी धडधाकट बाई, डोंगर चढेन. माझं निभावलं म्हणून त्यांचं निभावेल का? आणि निभावलं तर? तर एकच डाग दिसेल कदाचित, आणि त्या जगतील. नळीला तरी एक तोंड होतं. ह्या पेचाला तेही नव्हतं. मला माईंचा फार राग आला. का आल्या त्या आज, का माझ्यासमोर बसल्या?

आवाज थांबला. सरांचा आवाज आला, घोगरा. "कुंदा... आता देतो."

मी फुगा दाबला.

फळी बाहेर आली. मी धडपडत उठून बसले. सर काचेपलीकडून धावत आले, चहा भरलेली सिरिंज हातातच.

"घाबरलीस?"

"सर, आपल्या मांडणीत चुकलंय. रंग चहाचा आहे. पेशींचा नाही."

मोईन म्हणाला, "होतं मॅडम, सगळ्यांना होतं आत. पाच मिनिटं बसा, पाणी प्या, परत जाऊ."

"मला वेड नाही लागलं, भैताडा!" मी हातातली नळी तोडून टाकली आणि अनवाणी बाहेरच्या खोलीत गेले. माई दचकून उभ्या राहिल्या. मी त्यांचा थर्मास घेतला, पेल्यात चहा ओतला, सरांच्या डोळ्यांसमोर खिडकीच्या उजेडात धरला. घाईत थोडा गाऊनवर सांडला.

"सर, यात किती पेशी जिवंत आहेत?"

"कुंदा, हा चहा आहे."

"यंत्राला काय माहीत चहा आहे? यंत्र म्हणेल, सगळ्या जिवंत!"

सरांनी पेल्याकडे पाहिलं, मग माईंकडे. "तू दमलीस," ते म्हणाले. "मी झोपतो. मला काही झालं नाही तर..."

"थांबा हो," माई म्हणाल्या. "पोरीला बोलू द्या. काय झालं गं? मला कळेल असं सांग."

मी सरांकडे पाहिलं. ते सांगतील असं वाटलं होतं. ते हातातल्या सिरिंजकडे पाहत होते.

"माई, मी पास म्हटलं ते पास नाही. नापास पण नाही. मला माहीतच नाही. तुमच्या अंगात ते गेलं तर काय होईल, कोणालाच माहीत नाही."

"मग माहीत करून घ्यायला किती दिवस?"

"पेशी संपल्या आहेत, परत मागवायच्या. वाढवायच्या. रंगावर न चालणारी दुसरी पद्धत बसवायची. पावसाळा जाईल माई."

माई खाली बसल्या. बराच वेळ पदराची गाठ चाचपत होत्या. मग म्हणाल्या, "मग मला काही खायला द्या बाप्पा. सकाळपासून उपाशी ठेवलंय."

मी तिथेच भोकाड पसरलं. माईंनी मला पायाशी बसवलं, पदराची गाठ सोडली, माझे केस गोळा केले आणि एकेक पीन खोवायला लागल्या. "रडू नको. डोकं हलते, अंबाडा बसत नाही नीट." मग मंगळसूत्र माझ्या गळ्यात घातलं, मागची कडी त्यांना लवकर लागेना. सर सिरिंज घेऊन बेसिनपाशी उभे होते, आमच्याकडे पाठ करून.

माई नवरात्रात गेल्या. डाग किती होते ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि दिवाळीनंतर माझा निकाल आला. या वेळी मी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी मोजल्या, पुन्हा पुन्हा मोजल्या, दुसऱ्या संस्थेकडूनही मोजून घेतल्या. जवळजवळ सगळ्या जिवंत होत्या. किडनी निकामी असलेल्या उंदरांनाही काही झालं नाही. चहा चांगला होता. पहिल्यापासून चांगला होता. त्या दिवशी मी जिन्यात बसून इतकी रडले की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. कुणाला काय सांगणार होते मी?

कमिटीची परवानगी रीतसर मिळाली, सह्या झाल्या आणि पहिल्या निरोगी माणसाचं नाव सरांनी स्वतःचं घातलं. त्यासाठी वरपर्यंत भांडले. "या वेळी तरी माझं ऐक," मला म्हणाले. मी ऐकलं.

तेच सेंटर, तोच मोईन. आता डॉक्टरही होते काचेपलीकडे. सर फळीवर झोपले होते, हिरव्या गाऊनमध्ये फार म्हातारे दिसत होते. डॉक्टरांनी सुई लावली आणि पट्टी चिकटवायला मी पुढे झाले.

"कुंदा," ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी मी तीनदा म्हटलं होतं, मी झोपतो म्हणून."

"हो. चेष्टा करत होता माझी."

"चेष्टा नव्हती. मला कळलं होतं. आदल्या दिवशी तू घरी गेल्यावर मी चहाची बाटली उजेडात धरली होती. सिरिंज भरायच्या आधी धरतो तशी. तेव्हाच लक्षात आलं."

मला आधी ते काय बोलतायत ते कळेचना. मग कळलं आणि माझे कान तापले.

"आणि मला आत जाऊ दिलंत?"

"बोललो असतो तर माईचं थांबलं असतं. नाही बोललो तर तुझं... म्हणून साधाच फोटो पुन्हा पुन्हा घ्यायला लावला. हात पुढे जाईना. शेवटी देतो म्हटलं. दिलं असतं का, मला आजही माहीत नाही. घंटी वाजली तेव्हा सुटलो असं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी तुझा असा राग आला, कुंदा, असा राग आला की काय सांगू."

मी पट्टी जरा जोरातच दाबली. ते कळवळले, पण हात मागे घेतला नाही.

"माईंना माहीत होतं?" मी विचारलं.

"त्या दिवशी परतताना गाडीत म्हणाली, पोरीला कळलं ते तुम्हाला कळलं नाही, असं मी मानत नाही. बस. मग घर येईपर्यंत बाहेर पाहत होती. पुन्हा कधी तिनं तो विषय काढला नाही."

मोईन काचेवर टकटक करत होता. मी सरांच्या हातात फुगा दिला. त्यांना चांगलं झापावं असं आलं होतं तोंडाशी. पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते. "काही वाटलं तर दाबा," एवढंच म्हणून मी बाहेर आले.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. साधा फोटो, मग चहा, मग पुन्हा हातोडे. पडद्यावर सरांचं यकृत हळूहळू काळं होत गेलं, सगळीकडे एकसारखं. एकही पांढरा ठिपका नाही. डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. "वा! इतकं स्वच्छ चित्र मी या मशीनवर पाहिलं नव्हतं," ते म्हणाले. कुणीतरी माझा हात हातात घेऊन हलवला. मशीन थांबलं.

आणि घंटी वाजली.

"झालं सर, संपलं! काढतोच आता," मोईन माइकमध्ये म्हणाला.

घंटी पुन्हा वाजली. मग पुन्हा. डॉक्टर आत धावणार होते, पण पडद्यावर नाडी, श्वास सगळं ठीक दिसत होतं. स्पीकरमधून दुसरा एक आवाज येत होता, तो मी ओळखला. मी डॉक्टरांना म्हटलं, मी जाते.

मी मंगळसूत्र, बांगड्या काढल्या. डोक्यातल्या पिना एकेक काढून मोईनसमोर टेबलावर ठेवल्या आणि मोकळ्या केसांनी आत गेले. नळीतून फक्त सरांची पावलं बाहेर आली होती, बर्फासारखी गार. मी ती दोन्ही हातांत धरली.

"सर, मी आहे. कुंदा."

"काढू का मॅडम बाहेर?" मोईननं विचारलं.

"थांब जरा," मी म्हटलं. आतून हुंदके येत होते, आणि घंटी वाजतच होती.